कोल्हापूरची विद्यार्थिनी, बर्लिनचे सत्र आणि तीस क्रेडिट : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२४-२५ या शैक्षणिक वर्षातले आहे. विद्यार्थिनी कोल्हापुरातील एका स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला होती. तिचे, तिच्या महाविद्यालयाचे आणि बर्लिनमधील ज्या सार्वजनिक विद्यापीठात ती एका सत्रासाठी गेली त्याचे नाव येथे दिलेले नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत. लेखनासाठी तिने जपून ठेवलेला ईमेल-व्यवहार, दोन्हीकडची गुणपत्रके आणि खर्चाची वही पाहिली आहे. तिच्याशी, तिच्या वडिलांशी आणि विभागातील समन्वयक प्राध्यापकांशी झालेल्या बोलण्याचाही उपयोग केला आहे.

वडिलांचे शिवाजी उद्यमनगरात छोटे मशीन शॉप आहे. फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचे मशिनिंग जॉबवर्कवर करून देणे हा त्यांचा व्यवसाय. घरातून शिक्षणासाठी परदेशी जाणारी ही पहिलीच व्यक्ती असल्यामुळे जाण्याआधीच्या चर्चेत थंडी, जेवण आणि मुलीची सुरक्षितता हे तीन विषय सर्वांत जास्त वेळ खाऊन गेले. हे स्वाभाविकच आहे. मात्र पुढे जे बिघडले त्याचा या तिन्ही विषयांशी जवळपास संबंध नव्हता, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

दोन्ही संस्थांमध्ये करार होता आणि बर्लिनमध्ये शिकवणी शुल्क द्यायचे नव्हते; सत्राचे ठरावीक अंशदान, आरोग्य विमा आणि राहण्याखाण्याचा खर्च एवढे स्वतः पाहायचे होते. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा मागताना उदरनिर्वाहाची रक्कम सहसा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, आगाऊ भरून दाखवावी लागते, आणि सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम दरमहा ९९२ युरो झाली होती. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेपाच लाख रुपयांच्या आसपास, वडिलांनी निम्मे ठेवतारण कर्ज काढून आणि निम्मे धंद्याच्या खेळत्या भांडवलातून उभे केले.

आता वेळापत्रकाविषयी, कारण या प्रकरणाचे मूळ तिथे आहे. जर्मनीतील हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असे असते; व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि लेखी परीक्षा त्यानंतर सुरू होतात. बऱ्याच विषयांच्या परीक्षेची दुसरी तारीख मार्चअखेरीस असते. कोल्हापुरातील सातवे सत्र जुलैत सुरू होऊन डिसेंबरात संपते आणि आठवे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात चालू होते. थोडक्यात, बर्लिनचे एक सत्र कोल्हापूरच्या एका सत्राच्या जागी बसत नाही. ते दोन सत्रांच्या अंगावर आडवे पडते. महाविद्यालयाने यावर तोडगा असा काढला होता की बर्लिनचे ३० क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) हे सातव्या सत्राच्या २० क्रेडिटच्या बदल्यात धरायचे, आणि आठव्या सत्रात बहुतांश प्रकल्पकामच असल्यामुळे सुरुवातीच्या काही आठवड्यांची गैरहजेरी सांभाळून घ्यायची. युरोपीय पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० आणि आपल्याकडील नव्या राष्ट्रीय चौकटीत ४० क्रेडिट धरले जातात, त्यामुळे दीडास एक हे प्रमाण तर्काला धरून होते.

कोणते पाच विषय घ्यायचे याचा करार, म्हणजे लर्निंग ॲग्रीमेंट, मे २०२४ मध्ये दोन्हीकडच्या सह्यांनी पूर्ण झाला. तो आदल्या वर्षीच्या विषयसूचीवरून केलेला होता, कारण नव्या हिवाळी सत्राची सूची तेव्हा प्रसिद्धच झालेली नव्हती.

घराचा प्रश्न

बर्लिनची लोकसंख्या ३६ लाखांच्या वर आहे. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आत होती. पण शहराचा आकार ही अडचण नव्हती. मेट्रो, उपनगरी रेल्वे आणि ट्राम यांचे जाळे तिला आठवड्याभरात पाठ झाले. अडचण खोलीची होती. विद्यार्थी वसतिगृहाची प्रतीक्षायादी लांब असल्याने ऑगस्टअखेरपर्यंत जागा मिळाली नाही.

त्यानंतर तिच्यापुढे आलेल्या जागांपैकी पहिली शहराच्या मध्यभागी, महिना ३८० युरो भाड्याची होती. मालक परदेशी असल्याचे सांगत होता, तीन महिन्यांची अनामत आधी पाठवा म्हणजे चावी कुरियरने येईल असा त्याचा आग्रह होता, आणि व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला तो तयार नव्हता. वडिलांनी हा व्यवहार तिथेच थांबवला. धंद्यात उधारी-वसुलीत उभे आयुष्य गेलेल्या माणसाला हा वास लगेच येतो. दुसरी जागा खासगी विद्यार्थी निवासातली होती, भाडे ७५० युरोंच्या पुढे, म्हणजे महिन्याच्या ९९२ युरोंतून विमा वजा केल्यावर हाती जवळजवळ काहीच उरले नसते. तिसरी न्यूकोल्न भागातील एका विद्यार्थ्याची उपभाड्याची खोली होती. भाडे परवडणारे, पण एक अट होती की त्या पत्त्यावर सरकारी नोंदणी करता येणार नाही.

तिने तिसरी जागा ऑक्टोबरपुरती घेतली. या अटीचे वजन त्या वेळी घरात कोणालाच कळले नव्हते. जर्मनीत नव्या पत्त्यावर राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नागरी कार्यालयात, म्हणजे ब्युर्गरआम्टमध्ये, पत्ता-नोंदणी करणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि तिच्यासाठी घर देणाऱ्याचे लेखी प्रमाणपत्र लागते. तिने निवडलेल्या बँकेने चालू खाते उघडण्यासाठी या नोंदणीचा कागद मागितला. चालू खाते नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमधील मासिक रक्कम सुटेना. स्वतःचे साडेपाच लाख त्या देशात जमा असताना ती महिनाभर फॉरेक्स कार्डावरील, म्हणजे परकीय चलन आगाऊ भरलेल्या कार्डावरील, जेमतेम रकमेवर दिवस काढत होती.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला वेडिंग भागातील एका सामायिक घरात तिला नोंदणीसह खोली मिळाली. ती मिळाली तिथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावरून, संकेतस्थळावरून नव्हे. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त मागता येत नाही आणि भाडेकरूला ती तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क आहे, हा जर्मन कायद्यातील नियमही तिला तिथेच कोणीतरी सांगितला, आणि त्याचा तिने उपयोग केला. घराचा प्रश्न इथे सुटला; पण सत्रातील पहिले तीन-चार आठवडे खोल्या पाहण्यात आणि कार्यालयांच्या भेटीच्या वेळा मिळवण्यात गेले होते, आणि त्याची किंमत पुढे एका विषयात मोजावी लागली.

समस्या

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात नवी विषयसूची पाहिल्यावर असे दिसले की करारातील पाचांपैकी दोन विषय उपलब्ध नाहीत. एक आता फक्त उन्हाळी सत्रात शिकवला जाणार होता. दुसरा इंग्रजीऐवजी जर्मनमधून होणार होता. जर्मनीतील सार्वजनिक विद्यापीठांत पदवी पातळीचे बहुतेक वर्ग जर्मनमध्येच चालतात आणि इंग्रजी वर्ग मुख्यतः पदव्युत्तर पातळीवर असतात, त्यामुळे यात अनपेक्षित असे काही नव्हते. राजारामपुरीतील एका क्लासमध्ये ए-दोन (प्राथमिक) पातळीपर्यंत शिकलेल्या जर्मनवर दुकानात आणि कार्यालयात काम भागत होते. यंत्रशास्त्राचे व्याख्यान समजणे शक्य नव्हते.

परिणामी ३० पैकी १२ क्रेडिट, म्हणजे कोल्हापूरच्या हिशेबाने ८ क्रेडिट, अधांतरी राहिले. सातव्या सत्रात इतके क्रेडिट कमी पडले असते तर दोन विषय बॅक, म्हणजे उत्तीर्ण व्हायचे बाकी, राहिले असते. बदली विषय घेता येत होते, परंतु त्यासाठी करारात दुरुस्ती हवी होती, आणि दुरुस्तीसाठी कोल्हापुरात विभागप्रमुख, अभ्यासमंडळाचे अध्यक्ष आणि परीक्षा नियंत्रक अशा तिघांची संमती लागत होती. बर्लिनमध्ये परीक्षेसाठी नाव नोंदवण्याची मुदत नोव्हेंबरअखेरीस संपणार होती. इथे आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे : तिथे वर्गाला बसणे, वर्गाच्या ऑनलाइन व्यासपीठावर नाव घालणे आणि परीक्षेला नाव देणे या तीन वेगळ्या कृती आहेत, आणि तिसरी राहून गेली तर पहिल्या दोहोंचा काहीही उपयोग होत नाही. महाविद्यालयाच्या सूचनाफलकावरून आणि वर्ग-प्रतिनिधीच्या संदेशांवरून परीक्षा फॉर्मची तारीख कळण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याला तिथे आठवण करून देणारे कोणी नसते.

काळही अनुकूल नव्हता. तिने पहिला ईमेल पाठवला तेव्हा कोल्हापुरात दिवाळीची सुट्टी तोंडावर आली होती. सुट्टी संपून कामकाज रुळावर येते तोच २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान होते आणि विभागातील काही शिक्षकांना निवडणुकीची कामे लागली होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातील घड्याळे मागे गेल्यावर दोन शहरांतील फरक साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर गेला. दुपारी दीडला वर्ग संपवून ती लिहायला बसे तेव्हा कोल्हापुरातील कार्यालय बंद झालेले असे, त्यामुळे एका साध्या प्रश्नोत्तराला किमान एक दिवस जात होता, आणि मधे शनिवार-रविवार आला तर तीन.

समोरचे पर्याय

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात विद्यार्थिनी, समन्वयक प्राध्यापक आणि घरचे यांच्यात जी चर्चा झाली तिच्यात चार वाटा पुढे आल्या.

सर्वांत आधी आई-वडिलांच्या मनात आलेली वाट म्हणजे परत येणे. डिसेंबरातील सातव्या सत्राची परीक्षा इथे द्यावी, निदान वर्ष तरी वाचेल, असा तो विचार होता. पण सप्टेंबरअखेरपासून ती वर्गात नव्हती. ७५ टक्के हजेरीच्या अटीत ती बसत नव्हती आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुणही तिच्या नावावर नव्हते. परत येऊन तिला परीक्षेला बसता आले नसते आणि बर्लिनचे १८ क्रेडिटही गेले असते. ही वाट भावनेने सर्वांत सुरक्षित वाटत होती आणि हिशेबाने सर्वांत महाग होती. समन्वयक प्राध्यापकांनी हे वडिलांना प्रत्यक्ष भेटून कागदावर मांडून दाखवले, तेव्हाच ती मागे पडली. माझ्या मते या प्रकरणात प्राध्यापकांनी केलेले सर्वांत मोलाचे काम हेच होते, कारण फोनवर हे पटले नसते.

दुसरी वाट होती ती १८ क्रेडिटवर समाधान मानून उरलेले दोन विषय उन्हाळ्यातील फेरपरीक्षेत कोल्हापुरात देण्याची. यात धोका कमी होता. पण कॅम्पस मुलाखतींना येणाऱ्या बहुतेक कंपन्या ‘एकही बॅक नको’ ही अट घालतात, आणि बॅक असलेले गुणपत्रक घेऊन जानेवारी ते जून काढणे तिला नको होते.

तिसरी वाट जर्मन भाषेचा सहा क्रेडिटचा वर्ग घेण्याची होती. तो सहज मिळत होता आणि तिच्या उपयोगाचाही होता. मात्र महाविद्यालय भाषेचे क्रेडिट मुक्त वैकल्पिक विषयाच्या जागी धरायला तयार होते, मुख्य विषयाच्या जागी नव्हे, आणि मुक्त वैकल्पिक विषय तिने आधीच्या वर्षी पूर्ण केलेला होता.

चौथी वाट बदली विषयांची. पदव्युत्तर पातळीवरील फायनाइट एलिमेंट पद्धतीचा (वस्तूचे छोटे छोटे भाग कल्पून गणित मांडण्याच्या पद्धतीचा) इंग्रजी वर्ग आणि ओतकामातील घनीकरणाच्या सिम्युलेशनवरचा गट-प्रकल्प, प्रत्येकी सहा क्रेडिट, असे दोन विषय तिने शोधले होते आणि दोन्हींना ती ऑक्टोबरपासून बसतही होती. अडचणी दोन होत्या. महाविद्यालयाची संमती मुदतीत येईल याची खात्री नव्हती. आणि फायनाइट एलिमेंटची लेखी परीक्षा मार्चच्या अखेरच्या आठवड्यात होती. जानेवारीत सुरू होणाऱ्या आठव्या सत्रातून जवळजवळ तीन महिने गैरहजर राहणे महाविद्यालयाला मान्य होणार नव्हते, आणि ते योग्यही नव्हते. चौघांच्या प्रकल्पगटात तिचे काम बाकीच्या तिघांवर पडणार होते.

प्रत्यक्ष कृती

तिने चौथी वाट धरली. वडिलांचे त्या दिवशीचे वाक्य तिने लिहून ठेवले आहे : “पैशाचं मी बघतो, तू पेपर सोडून येऊ नको.” खर्च वाढण्याची शक्यता त्यांनी मान्य केली, पण त्याची वरची मर्यादाही त्याच वेळी ठरवून घेतली. असे फार घरांत होत नाही.

निर्णयाचा खरा क्षण नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आला. परीक्षा-नोंदणीची मुदत संपायला थोडे दिवस उरले होते आणि कोल्हापूरहून तीनपैकी एकाचीच संमती आली होती. संमतीशिवाय नाव नोंदवणे म्हणजे महाविद्यालयाला गृहीत धरणे आहे, असा तिला संकोच होता. तिने बर्लिनच्या परीक्षा कार्यालयात जाऊन विचारले तेव्हा कळले की परीक्षेच्या काही दिवस आधीपर्यंत नाव विनादंड मागे घेता येते. उलट मुदत गेल्यावर नाव घालण्याची सोय नाही. म्हणजे नोंदणी ही परतीची वाट उघडी ठेवणारी कृती होती आणि थांबणे ही वाट बंद करणारी. तिने दोन्ही विषयांना नाव दिले आणि त्याच संध्याकाळी समन्वयकांना तसे स्पष्ट कळवले. पूर्ण संमती डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली. ती संमतीची वाट पाहत बसली असती तर प्रकरण तिथेच संपले असते.

संमती मिळवण्याच्या पद्धतीतही तिने एक बदल केला होता. सुरुवातीच्या पत्रांत तिने विषयांची नावे आणि दुवे पाठवले होते आणि त्यांना उत्तर आले नव्हते. नंतर तिने दोन्ही अभ्यासक्रमांचे घटकवार कोष्टक केले : डावीकडे कोल्हापूरचा घटक, उजवीकडे बर्लिनचा, आणि जिथे जुळत नाही तिथे तसे स्वच्छ लिहिलेले. अभ्यासमंडळाच्या अध्यक्षांनी ते कोष्टक पाहून एका बैठकीत निर्णय दिला. सही करणाऱ्या माणसाला जे काम स्वतः करावे लागले असते ते आधीच करून दिलेले होते.

मार्चअखेरीच्या परीक्षेचा प्रश्न त्याहून सोपा निघाला. तिने संबंधित प्राध्यापकांना आपली अडचण, परतीची अपेक्षित तारीख आणि महाविद्यालयाचे पत्र देऊन विचारले, आणि त्यांनी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात अर्ध्या तासाची तोंडी परीक्षा घेण्याचे मान्य केले. तोंडी परीक्षेला तिथे लेखीइतकेच वजन असते. आपल्याकडील व्हायवासारखी ती प्रात्यक्षिकाच्या शेवटी उरकलेली गोष्ट नसते. पुढचा एक महिना तिने फळ्यासमोर उभे राहून मोठ्याने समीकरणे मांडण्याचा सराव केला; ऐकायला घरातली सोबतीण असे, जिचा विषय समाजशास्त्र होता.

प्रकल्पात तिला घरची मदत झाली. घनीकरण होताना ओतीव भागात पोकळ्या कुठे पडतात याचे भाकीत करणे हा विषय होता, आणि पडताळणीसाठी गटाकडे प्रत्यक्षातले नमुने थोडे होते. वडिलांनी उद्यमनगरातून रिजेक्ट झालेल्या कास्टिंगचे, कापलेल्या भागांचे, मापांसह फोटो पाठवले. गटातील कोणालाही अशा वस्तू हाताळण्याचा अनुभव नव्हता.

जानेवारीत कोल्हापूरच्या प्रकल्पाचा पहिला आढावा तिने ऑनलाइन दिला. इथले सकाळचे अकरा म्हणजे तिथले साडेसहा; जानेवारीत बर्लिनला सूर्य आठच्या सुमारास उगवतो.

निष्पत्ती

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती परत आली. पाचपैकी चार विषय ती उत्तीर्ण झाली : प्रकल्पात १.७, फायनाइट एलिमेंटमध्ये २.३, उरलेल्या दोहोंत २.० आणि २.७. पाचवा विषय, उष्णता संक्रमण, ती नापास झाली. हा विषय मूळ करारातला होता, त्याविषयी कोणालाच काळजी नव्हती, आणि म्हणूनच तो मागे पडला. ऑक्टोबरातील त्याची बरीच व्याख्याने खोली शोधण्यात बुडाली होती. कोल्हापुरात तिच्या विषयांचे जवळपास निम्मे गुण सत्रभराच्या चाचण्या आणि गृहपाठातून येत असत. तिथे या विषयाचा निकाल फेब्रुवारीतील एका लेखी परीक्षेवर होता. मार्चअखेरीस दुसरी संधी होती, पण त्यासाठी थांबणे म्हणजे प्रकल्पगटाला दिलेला शब्द मोडणे होते, म्हणून ती संधी तिने सोडली. हा निर्णय मला योग्य वाटतो, जरी तिच्या आईला तो अजूनही पटलेला नाही.

परत आल्यावर एक गमतीशीर पण त्रासदायक प्रसंग घडला. जर्मन पद्धतीत १.० ही सर्वोत्तम श्रेणी असते, ४.० पर्यंत उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे नापास. मे महिन्यात गुणपत्रक आले तेव्हा परीक्षा विभागात १.७ हा आकडा दहापैकी समजून वाचला गेला, आणि नापास विषयाचे ५.० हेच काय ते पासाचे दिसत होते. समन्वयकांनी जर्मनीत परदेशी गुणांच्या रूपांतरासाठी वापरले जाणारे सुधारित बव्हेरियन सूत्र उलट दिशेने लावून तक्ता तयार केला. कमाल १० आणि उत्तीर्णतेसाठी किमान ४ धरल्यास १.७ चे ८.६ होतात, २.० चे ८.०, २.३ चे ७.४ आणि २.७ चे ६.६. हा तक्ता परीक्षा नियंत्रकांनी मान्य करेपर्यंत तिचे सातव्या सत्राचे गुणपत्रक अडकून राहिले.

२४ क्रेडिटचे १६ झाले. उरलेले चार क्रेडिट तिने जूनमधील फेरपरीक्षेत मिळवले आणि पदवी आपल्या वर्गाबरोबरच पूर्ण केली. कॅम्पसमधून तिची निवड झाली नाही; ऑगस्टमध्ये कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ती रुजू झाली. तिथल्या मुलाखतीत बर्लिनविषयी फारसे विचारले गेले नाही, पोकळ्यांच्या प्रकल्पाविषयी मात्र बराच वेळ विचारले गेले.

खर्चाच्या वहीनुसार ब्लॉक्ड अकाउंटमधील रक्कम पुरली नाही. विमान तिकीट सोडूनही थोडी भर घरून घालावी लागली, आणि तिचा मोठा भाग ऑक्टोबरातला आहे, जेव्हा घाईने घेतलेली खोली, कार्डावरील विनिमय शुल्क आणि बाहेरचे जेवण एकत्र आले.

काय वेगळे करता आले असते

मे महिन्यात आदल्या वर्षीच्या सूचीवरून करार करणे टाळता येत नाही, कारण व्हिसा आणि प्रवेश दोन्ही त्यावर अवलंबून असतात. पण आणखी तीन पर्यायी विषय त्याच वेळी मंजूर करून ठेवता आले असते. पाचांऐवजी आठ विषयांची समकक्षता मे महिन्यातच तपासली असती, तर नोव्हेंबरातील सगळी धावपळ एका ईमेलवर आटोपली असती. अभ्यासमंडळाला काम तेवढेच पडते. फक्त ते दिवाळी आणि निवडणूक यांच्या मधे येत नाही.

खोलीच्या बाबतीत भाडे आणि अंतर यांच्या आधी विचारायचा प्रश्न ‘या पत्त्यावर नोंदणी होईल का’ हा आहे. नोंदणी नसलेली खोली महिन्याला शंभर युरोंनी स्वस्त पडली तरी तिच्यामुळे बँक, पैसे आणि वेळ अडकतात. ते शक्यच नसेल, तर नोंदणीचा कागद न मागणारे चालू खाते निघण्याआधी शोधावे आणि फॉरेक्स कार्डावर दोन महिन्यांची तरतूद ठेवावी. वडिलांचे म्हणणे असे की हे कळले असते तर त्यांनी ७५० युरोंची खोली दोन महिन्यांसाठी घेतली असती आणि मग सावकाश दुसरी शोधली असती. हिशेब केला तर ते स्वस्तच पडले असते, आणि उष्णता संक्रमणाची व्याख्यानेही बुडाली नसती.

नापास झालेल्या विषयात वेगळे काय करता आले असते यावर तिचे आणि समन्वयकांचे मत जुळत नाही. समन्वयकांना वाटते की तिने डिसेंबरातच तो विषय ओळखून परीक्षेतून नाव मागे घ्यायला हवे होते, म्हणजे गुणपत्रकावर ५.० आला नसता आणि उरलेल्या चारांना अधिक वेळ मिळाला असता. तिचे म्हणणे असे की क्रेडिट तसेही कमीच पडले असते आणि पास होण्याची शक्यता होती ती गेली असती. डिसेंबरात तिच्याकडे आपण कुठे आहोत हे मोजण्याचे कोणतेही साधन नव्हते, कारण सत्रात एकही चाचणी नव्हती. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका विद्यार्थी संघटनेकडे मिळतात हे तिला जानेवारीच्या अखेरीस कळले. नोव्हेंबरात एखादी सोडवून पाहिली असती तर दोन्ही बाजूंचा वाद तिथेच मिटला असता.

गुणांच्या रूपांतराचा तक्ता विद्यार्थी निघण्याआधी करारालाच जोडावा, हे आता विभागाने मान्य केले आहे. तक्ता आधी ठरला तर विद्यार्थ्याला कोणत्या श्रेणीसाठी किती झटायचे हेही कळते, आणि निकालानंतर सोयीचे सूत्र निवडल्याचा संशयही कोणी घेत नाही.

एक बाजू मात्र कोणत्याही कागदावर आलेली नाही. जानेवारी आणि फेब्रुवारीत कोल्हापुरातील प्रकल्पाचे टेस्ट रिग, म्हणजे चाचणीची यंत्रमांडणी, उभे करण्याचे काम गटातील उरलेल्या तिघांनी केले, साहित्य त्यांनी आणले आणि वेल्डिंगसाठी चकरा त्यांनी मारल्या. तिच्या गैरहजेरीला परवानगी देताना विभागप्रमुखांची सही घेतली गेली, मार्गदर्शकांची घेतली गेली. या तिघांना कोणी विचारले नाही. मार्चनंतर तिने अहवालाचे आणि सिम्युलेशनचे जवळजवळ सर्व काम अंगावर घेऊन ती बाजू भरून काढली, आणि तिघांचीही तक्रार नाही. तरी पुढच्या वर्षीच्या अर्जात प्रकल्पगटाच्या लेखी संमतीचा रकाना असावा असे समन्वयकांनी सुचवले आहे. विभागाने त्यावर अजून निर्णय घेतलेला नाही, कारण गट जुलैत ठरतात आणि करार मे महिन्यात होतो.